भोक नव्हे, फट

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका सकाळी आमच्या पारनेरच्या घरातून बायको गेली आणि साप राहिला. हे उलट व्हायला हवं होतं, याबाबत गल्लीत दुमत नव्हतं.

गोष्ट एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. तालुक्यात जे घडेल ते कमीत कमी शब्दांत आणि बिनचूक लिहायचं आणि पाकीट एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देऊन नगरला पोचवायचं, एवढं माझं काम. आमचे संपादक शब्दांच्या बाबतीत फार कडक होते. सुरुवातीच्या दिवसांत मी एका पाझर तलावाच्या बांधाला भगदाड पडल्याची बातमी दिली होती. त्यांनी मला नगरला बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पाणी पलीकडे गेलं?"

"नाही."

"मग भगदाड कसं? माती खचली, असं लिहा. भगदाड आरपार असतं."

तेव्हापासून 'आरपार' हा शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला. वार्ताहर म्हणून त्याचा मला फायदाच झाला. नवरा म्हणून काय झालं ते सांगतो.

आमचं घर दगडमातीचं, वर माळवद. घरात माणसं तीन. मी, आई आणि सुमन. सुमन काष्टीची. तिचे वडील तिथल्या बैलबाजारात सौदे जुळवून द्यायचे. ती सातवीपर्यंत शिकलेली होती आणि मी लिहिलेल्या बातम्या नगरला जाण्याआधी वाचायची. वाचून झालं की विचारायची, "मग पुढं काय झालं?" पुढं काही झालेलं नसायचं, कारण बातमी तिथेच संपायची. पण हा प्रश्न मला तोवर कोणत्याही संपादकाने विचारला नव्हता आणि तो ऐकायला मला आवडायचं. (हे मी तिला तेव्हा सांगितलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.)

त्या सकाळी मी ओट्यावर बसून एका सोसायटीच्या सभेचा वृत्तान्त लिहीत होतो. आतून सुमनचा आवाज आला. ओरडल्यासारखा नव्हता, पण त्यात काहीतरी होतं.

"अहो, जरा इकडं या. साप."

मी आत गेलो. ती चुलीपाशी हातात परात घेऊन उभी होती.

"कुठे आहे?"

"त्या भोकात गेला आत्ता. माज्या पायावरनं."

तिने उतरंडीच्या मागं बोट दाखवलं. मी बॅटरी आणली, गुडघ्यांवर बसलो आणि मडकी बाजूला करून नीट पाहिलं. दोन दगडांमधली माती निघालेली होती आणि तिथं हात जाईल इतकी जागा झाली होती. पाहून झाल्यावर मी उठलो, गुडघे झटकले आणि जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"सुमन, हे भोक नाही. फट आहे. दोन दगडांमधली."

"काय?"

"भोक आरपार असतं. हे आरपार आहे का ते बाहेरून बघावं लागेल."

"साप माज्या पायावरनं गेला," ती म्हणाली.

"गेला ना. पण भोकात नाही गेला."

(इथे नोंद करायला हवी की माझं म्हणणं बरोबर होतं.)

सुमनने परात खाली ठेवली. पदराला हात पुसले. खुंटीवरची कापडी पिशवी काढून तिच्यात दोन लुगडी आणि फणी टाकली आणि ओट्यावर आली. आई तिथे बाजरी निवडत होती.

"आत्याबाई, मी काष्टीला जाते."

"आगं, का?"

"यांना इचारा." मग ती माझ्याकडे वळली. "या घरात एकबी भोक ऱ्हायलं न्हाई की न्यायला या. तवर येऊ नका."

आणि ती स्टँडच्या दिशेने निघून गेली. मागे वळून वगैरे पाहिलं नाही. आईने सूप खाली ठेवलं.

"काय बोल्लास तिला?"

"काही नाही. ती भोक म्हणाली, मी फट म्हणालो."

आईने बाजरीतला एक खडा उचलून अंगणात फेकला. "तुजा बाप आसता आज," ती म्हणाली.

"तर काय केलं असतं?"

"त्यानं बी ह्येच केलं आसतं."

आई सापाला घाबरत नव्हती. तिच्या मते ती धामण होती, उंदीर खाते, कुणाचं काही बिघडवत नाही, आणि घरात आलेल्या जनावराला काठी लावायची नाही हा आमच्याकडचा नियम होता. तिला काळजी होती ती सुनेची. लग्नाला वर्ष होत नाही तो सून पिशवी घेऊन स्टँडवर दिसली, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या पारनेरला कळणार होतं. (मी वार्ताहर असूनही ही बातमी माझ्या आधी सगळीकडे पोचली.) म्हणून दुपारीच आईने अंगणात माती आणि शेण कालवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "चल. भोकं बुजवू आनि पोरीला घिऊन यिऊ."

खरं तर दोन तासांचं काम होतं. पण मी आधी एक प्रश्न विचारला.

"आई, सुरुवात सवण्यापासून करायची का?"

सवणं म्हणजे उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून माळवदाला ठेवलेली जागा. आईचा चिखलाचा हात तसाच थांबला.

"सवनं कशाला?"

"ते आरपार आहे."

"आरे, सवनं ते सवनं. त्याला कुनी भोक म्हनतं व्हय?"

"बरं. मग मोरीचं?"

"मोरी ती मोरी."

"कणगीमागे उंदराने केलंय ते?"

"ते बीळ."

"खिडकी?"

"खिडकी म्हंजी खिडकी. तू शाळंत गेल्तास का न्हाई?"

"आणि उतरंडीमागचं?"

"ती फट. तूच म्हनलास न्हवं?"

"मग भोक म्हणजे काय, आई?"

आईने विचार केला. ती विचार करायला लागली की हातातलं काम थांबायचं नाही. त्या दिवशी तिने चिखलाचा एक गोळा वळून वळून अगदी गुळगुळीत केला. "ज्याला नाव न्हाई ते भोक," ती म्हणाली.

समोरच्या ओट्यावर साळवे गुरुजी आरामखुर्चीत बसून हे ऐकत होते. गुरुजी मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. मराठी व्याकरण आणि बायबल दोन्ही त्यांना मुखोद्गत होतं आणि ऐकायला आता वर्गही नव्हता. ते चष्मा पुसत आमच्याकडे आले.

"दत्तोबा, आईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. नाव मिळालं की भोकाचं भोकपण जातं. शर्टाला बटणासाठी असतं त्याला आपण काज म्हणतो. सुईला असतं त्याला नेढं. शर्ट खिळ्याला अडकून फाटतो, तेव्हा भोक."

"पण गुरुजी, चाळणीला भोकंच असतात. त्यांना दुसरं नाव कुठे आहे?"

"चाळनीची भोकं चाळनीची हायेत," आई म्हणाली. "ती घराची न्हाईत. सुमन घरातली म्हनली."

"घरातली म्हणाली. चाळणी घरातच असते."

"दत्तू, चाळनीत साप शिरतो का?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी तो मान्य केला.

मग आम्ही तिघांनी घर फिरून पाहिलं. कोनाडा होता. देवळी होती. फट, बीळ, चीर, मोरी, सवणं, खिडकी, सगळं होतं आणि प्रत्येकाला नाव होतं. ज्याला नाव नाही असं काही सापडलं नाही. कुलपात किल्ली जाते त्याला मात्र गुरुजींच्या मते भोकच म्हणतात. पण कुलूप काढून खिशात टाकलं की ते घरात राहत नाही, असा तोडगा मीच काढला.

निष्कर्ष उघड होता. आमच्या घरात भोक नव्हतं. कधीच नव्हतं. चिखल अंगणात वाळत राहिला आणि मी सकाळची पहिली गाडी पकडून सुमनला आणायला निघालो.

काष्टीला पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागल्या. त्या दिवशी तिथला बाजार होता आणि मामा, म्हणजे माझे सासरे, एका खोंडाचा ओठ वर करून दात बघत होते. मला पाहिल्यावर त्यांनी ओठ सोडला आणि धोतराला हात पुसले.

"या जावईबापू. झालं का काम?"

"झालं, मामा. घरात एकही भोक नाही."

"बेस झालं. चला, पोरीला सांगू."

सुमन घराच्या अंगणात वाळवण राखत बसली होती. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा जरासा सैल झाला. हे मी नीट पाहिलं आहे आणि त्याबद्दल माझी खात्री आहे.

"बुजवली का समदी?" तिने विचारलं.

"बुजवायची गरज पडली नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे आम्ही पूर्ण घर तपासलं. आई, मी आणि साळवे गुरुजी. एक फट आहे, एक बीळ आहे, दोनचार चिरा आहेत, मोरी आहे, सवणं आहे. पण ज्याला भोक म्हणता येईल असं एकही नाही."

  कुरड्यांवर एक कावळा बसला आणि त्याला कुणी हाकललं नाही.

"आनि साप?" शेवटी तिने विचारलं.

"सापाचा प्रश्न वेगळा आहे," मी म्हणालो.

ती उठली, पदर सारखा केला आणि वडिलांना म्हणाली, "आबा, यांना जेवू घाला आनि यष्टीत बसवा."

मामांनी मला स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "जावईबापू, बैलाला शिंग न्हाई आनि शिंगाला नाव न्हाई, या दोन गोष्टी एक न्हाईत बगा." मी गाडीत बसून नगरपर्यंत त्या वाक्यावर विचार केला. त्यात काहीतरी होतं, पण नेमकं काय ते मला आजही सांगता येणार नाही.

पारनेरला पोचल्यावर मी ठरवलं की आता व्याख्या नकोत. जे काही आहे ते बुजवायचं. आरपार असो वा नसो, नाव असो वा नसो. गुरुजींना हा मार्ग बौद्धिकदृष्ट्या हलका वाटला, पण तेही बाह्या सरसावून आले.

फट बुजवली. बीळ बुजवलं. चिरा बुजवल्या. कोनाडा आरपार नव्हता, तरी त्यात दगड रचून वरून गिलावा केला, कारण सुमन कोनाड्याला काय म्हणेल याचा भरवसा नव्हता. खुंट्या उपसल्या तर मागे काय राहील, या विचाराने त्या आणखी आत ठोकल्या. मोरीच्या तोंडात चिंध्या कोंबून वर गोटा ठेवला. खिडकीच्या फळ्या खिळे मारून बंद केल्या आणि फळ्यांमधल्या रेघांवर माझ्याच दैनिकाचे जुने अंक खळीने चिकटवले. मी एवढ्यावर थांबलो असतो. पण गुरुजी वर बघून म्हणाले, "आता एकच उरलं." मग मी शिडी लावून माळवदावर गेलो आणि सवण्यावर शहाबादी फरशी टाकून चहूबाजूंनी चिखल लिंपला. खाली उतरलो तेव्हा गुरुजी जात्यासमोर उभे होते.

"दत्तोबा, याला काय म्हणतात?"

"जात्याचं तोंड."

"तोंड म्हणजे तरी काय?"

आईने मला जात्यात बोळा कोंबताना पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच, शेजाऱ्यासमोर, मला माझ्या नावाऐवजी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. जातं राहिलं.

आई चूल पेटवेपर्यंत सगळं ठीक होतं. धुराला जायला वाट नव्हती. घरात एवढा धूर कोंडला की आई भाकरी आणि तवा अंदाजानेच एकत्र आणत होती. दुसऱ्या सकाळी आई आंघोळीला बसली आणि पाणी मोरीत साठून हळूहळू घरभर आलं. ते कुठेच जाऊ शकत नव्हतं. मी शांतपणे ते घमेल्याने उपसत होतो आणि आई भिंतीला टेकून खोकत होती.

"दत्तू," ती म्हणाली, "सून यिस्तवर सासू जाईल."

पण काम चोख झालं होतं. मी मामांना निरोप धाडला की येऊन खात्री करा. ते दोन दिवसांत आले. पारनेरला त्यांचं कुठलंसं बैलाचंही काम होतं, पण आधी ते आमच्याकडे आले.

मामांनी घराची तपासणी केली ती मी कधी विसरणार नाही. ते आधी बाहेरून एक चक्कर मारून आले. भिंतीवर थाप मारली, जशी बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात. कोपऱ्यात वाकून पाहिलं. आत अंधार होता म्हणून मी बॅटरी धरली. त्यांनी लिंपण अंगठ्याने दाबलं, हुंगलं, चिकटवलेल्या अंकावरची एक बातमी वाचायचा प्रयत्न केला. मग बाहेर येऊन ओट्यावर बसले. चूल पेटवायची सोय नव्हती म्हणून चहा गुरुजींच्या घरून आला.

"काम येक नंबर झालंय," मामा म्हणाले. "मुंगी शिरायची न्हाई."

मी समाधानाने आईकडे पाहिलं. आईने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान डोलावली.

मामांनी बशीत चहा ओतला. "येकच इचारायचं हाय," ते म्हणाले. "बुजवलं तवा जनावर कुठं हुतं? आत का भाईर?"



वृत्तपत्रात पहिल्या आठवड्यात शिकवतात की बातमीत काय, कुठे, केव्हा आणि कोण याची उत्तरं हवीत. काय आणि कुठे यावर आम्ही जवळजवळ परिसंवाद केला होता. 'कोण' आमच्याकडून राहून गेला होता. गुरुजींनी कप अलगद खाली ठेवला. आईने ओट्यावरून खाली सोडलेले पाय वर घेतले.

"फट आरपार नव्हती ना?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"नव्हती," मी म्हणालो. "मी बाहेरून पाहिलं होतं."

"म्हणजे तो तिकडून बाहेर गेला नसणार."

"नसणार."

मामांनी बशी संपवली आणि मिशा पुसल्या. "जावईबापू, मी पोरगी धाडत न्हाई. आदी साप हुता आनि भोकं हुती, म्हंजी त्याला जायला वाट हुती. आता निस्ता साप हाय."

ते बैलाच्या कामाला निघून गेले. आम्ही ओट्यावरच राहिलो. घर आमचं होतं, कागदपत्रं आमच्या नावावर होती, पण आत जायला कुणी तयार नव्हतं. आईने गुरुजींच्या घरून तवा-परात आणली आणि अंगणात तीन दगडांची चूल मांडली. मी बातम्या गुरुजींच्या ओट्यावर लिहायला लागलो. दार मात्र आईने सताड उघडं ठेवायला लावलं. बंद दारामागे काय चाललंय ते कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आता सापाला वाट करून द्यायला हवी होती, आणि त्यासाठी जे बुजवलं त्यातलं काहीतरी उघडायला हवं होतं. काय उघडायचं यावर तिघांची तीन मतं पडली.

"मोरी मोकळी कर," आई म्हणाली. "जनावर पान्याच्या वाटंनं जातं."

"साप उजेडाकडे जातो," गुरुजी म्हणाले. "सवणं उघडावं."

"सवणं वर आहे, गुरुजी. साप वर कसा जाईल?"

"तो एदेन बागेत झाडावर गेला होता."

"ते आमच्याकडं हुतं का?" आईने विचारलं. "तुमच्या बागंतलं जनावर येगळं."

मी म्हणालो की तो ज्यातून आत आला तेच उघडावं, कारण तेवढी एकच वाट त्याला माहीत असणार. हे दोघांनाही पटलं. मग तो कशातून आला असेल यावर चर्चा सुरू झाली. ती चांगली चालली. गल्लीतले येणारे-जाणारे दोन शब्द बोलून जायचे. सगळे शांतपणे बोलायचे, कुणी कुणाला खाली पाहायला लावलं नाही. फक्त मोरी उघडायची तरी आत जावं लागणार होतं आणि फट उघडायची तरी आत जावं लागणार होतं, आणि हा मुद्दा आला की प्रत्येक वेळी कुणीतरी विषय पुन्हा व्याख्येवर आणायचा. (बऱ्याचदा मी.)

दरम्यान माझ्या एक गोष्ट लक्षात येत होती. मी रोज बातम्या लिहीत होतो आणि त्या जशाच्या तशा छापून येत होत्या. संपादकांचं एकही तक्रारीचं पत्र नव्हतं. आणि पुढे काय झालं असं मला कुणीही विचारत नव्हतं. चुकलं कुठे हे मला कळलं होतं. भिंतीत काय होतं ते मी बिनचूक सांगितलं होतं, पण बायकोच्या पायावरून साप गेला होता आणि तिचा पाय बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता ती येणार की नाही, हे एका सापाच्या मर्जीवर होतं आणि तो साप कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या चौथ्या दिवशी आई अंगणात भाकरी थापत असताना सुमन आली. न कळवता. तीच कापडी पिशवी हातात. मामांनी काम आटोपून परतताना अंगणातली चूल पाहिली होती आणि घरी जाऊन एवढंच सांगितलं होतं की तुझी सासू अंगणात सैपाक करते. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली तेव्हा मी उभा राहिलो. गुरुजीही उभे राहिले, कदाचित सवयीने.

"आत्याबाई, ह्ये काय? उनात बसलाय?"

"काय करू बाय. आत जनावर हाय."

"अजून हाय?"

"जायला वाटच ठिवली न्हाई ह्यानं."

सुमनने घराकडे पाहिलं. लिंपलेल्या भिंतीकडे, वर्तमानपत्रं लावलेल्या खिडकीकडे. मग माझ्याकडे. माझे केस अजून चिखलाने ताठ होते आणि शर्टाला काळे डाग होते, कारण बादली आणि दुसरा शर्ट दोन्ही आत होतं.

"ह्ये समदं तुमी केलं?"

"हो."

"सवनं पन?"

"सवणं पण."

"कशापायी?"

"तू म्हणालीस एकही राहता कामा नये," मी म्हणालो. आणि मग, कुणी न विचारता, म्हणालो, "पायाला काही झालं नव्हतं ना?"

 ती खाली, पायाकडे बघत राहिली. हसू आवरत होती की काय ते मला नीट सांगता येणार नाही. ऊन डोळ्यांवर होतं.

तेवढ्यात आई म्हणाली, "हलू नका."

उघड्या दारातून, उंबऱ्यावरून, साप बाहेर आला. चांगली लांब, पिवळसर धामण होती. तिला घाई नव्हती. उंबरा ओलांडायला तिला बराच वेळ लागला, कारण तिचा बराचसा भाग अजून आतच होता. ती ओट्यावरून उतरली, आईच्या चुलीला वळसा घालून, गल्ली पार करून, गुरुजींच्या निवडुंगाच्या कुंपणात शिरली. कुणी ओरडलं नाही. शेपटी दिसेनाशी होईपर्यंत सगळे होते तिथेच उभे राहिले.

"धामनच हुती," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"माझ्याकडे गेली," गुरुजी जरा वेळाने म्हणाले.

एवढ्या दिवसांत आम्ही मोरीवर बोललो होतो, सवण्यावर बोललो होतो, जात्यावर आणि एदेन बागेवर बोललो होतो. दाराचं नाव एकदाही निघालं नव्हतं. धामण आलीही बहुधा तिथूनच असावी, आमच्या सगळ्यांच्या देखत.

सुमन ओट्याच्या पायरीवर चढली आणि थांबली. पिशवी अजून तिच्या हातातच होती.

"आता सांगा," ती मला म्हणाली. "साप कशातनं गेला?"

मी दाराकडे पाहिलं. त्याला चौकट होती, उंबरा होता, कडी होती, कोयंडा होता. ते दार होतं. बातमी लिहिली असती तर तिथे दुसरा कोणताही शब्द बसला नसता, आणि दार आणि भोक यांत काय फरक आहे ते मला दोन सोप्या वाक्यांत सांगता आलं असतं. पहिलं वाक्य तयारही झालं होतं. पलीकडून गुरुजी माझ्याकडे आशेने बघत होते. आईने भाकरी करपू दिली.

मी पुन्हा पिशवीकडे पाहिलं.

"भोकातून," मी म्हणालो.

मी पुढे काही जोडतो का, हे बघायला सुमन क्षणभर थांबली. मी काही जोडलं नाही. तिथे गप्प राहायला जेवढे कष्ट पडले तेवढे मला कोणत्याही बातमीला पडलेले नाहीत. मग तिने लुगड्याचे सोगे सावरले आणि माझ्या घरातल्या त्या सर्वांत मोठ्या भोकातून ती आत आली.